प्रोजेक्ट मॅनेजरची सही कुठवर चालते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणारी कंपनी, दीडशेच्या आसपास माणसं. तुम्हाला डिझाइनमधून उचलून प्रोजेक्ट मॅनेजर केलं. हातात चार ऑर्डरी, चारही मागे पडलेल्या. डिझाइन, पर्चेस, प्रॉडक्शन, साइट आणि अकाउंट्स असे पाच एचओडी, म्हणजे खातेप्रमुख, आहेत आणि त्यांच्या हाताखालचं कुणीही तुमचं ऐकायला बांधलेलं नाही. आता एमडींचा, म्हणजे मालकांचा, मुलगा एमबीए करून आलाय आणि त्याला कंपनीत मॅट्रिक्स रचना आणायची आहे, म्हणजे माणूस आपल्या खात्यातही राहतो आणि कामापुरता प्रोजेक्टलाही दिला जातो. तुम्ही विचारताय, त्याने कामं वेळेवर होतील का, की मीच कमी पडतोय?

माझी सुरुवात पॅनेलच्याच धंद्यात झाली. पुढे बरीच वर्षं मुंबईत मोठ्या इमारतींची एसी, फायर आणि इलेक्ट्रिकलची कामं घेणाऱ्या ठेकेदार कंपन्यांत प्रोजेक्ट सांभाळले. त्या अनुभवावरून सांगतो. रचनेने फरक पडतो, चांगलाच पडतो. पण कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारा भिंतीवरचा तक्ता बदलला म्हणजे रचना बदलली, असं होत नाही. तुमच्या ऑर्डरी अडतात त्या मोजक्या तीन-चार निर्णयांपाशी. ते निर्णय आज ज्याच्या टेबलावर आहेत तिथेच राहिले, तर मॅट्रिक्स आणून फक्त मीटिंगा वाढतील.

रचनेला दोष देण्याआधी एक काम करा. चारही ऑर्डरींचे मेल काढा आणि प्रत्येक कागद कुठल्या खात्यात कधी आला, तिथून कधी निघाला, या तारखा एका शीटवर मांडा. क्लायंटचा एसएलडी (वीजजोडणीचा एकरेषी आराखडा), आपण पाठवलेलं जीए ड्रॉइंग (पॅनेलची मापं आणि मांडणी), त्याचं अप्रूव्हल, बीओएम (लागणाऱ्या मालाची यादी), पीआर (खरेदीची मागणी), पीओ (खरेदीची ऑर्डर), माल आल्याची नोंद, फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, वायरिंग, टेस्टिंग, एफएटी (क्लायंटसमोर आपल्या शॉपमध्ये होणारी चाचणी), डिस्पॅच. एक रविवार जाईल. चारही ऑर्डरी एकाच ठिकाणी तुंबलेल्या दिसल्या, समजा सगळ्या वायरिंगपाशी येऊन थांबल्या, तर तुमचं दुखणं रचनेचं नाही. वायरमन कमी आहेत, बस. कुठलीही रचना आणा, वायरमन तेवढेच राहणार. ड्रॉइंग क्लायंटकडेच तीन-तीन आठवडे पडून राहिलं असेल, तर तो प्रश्न कराराचा. अप्रूव्हल किती दिवसांत द्यायचं आणि न दिल्यास डिलिव्हरीची तारीख तेवढी पुढे सरकेल, हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्यायला हवं. पण प्रत्येक ऑर्डर वेगळ्याच जागी थांबली असेल, आणि तीही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना, तर मात्र हा रचनेचा आजार. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला हाच तिसरा प्रकार वाटतो. शीट बघितल्याशिवाय खात्री देणार नाही.

तुमची आजची रचना खात्यांची आहे, म्हणजे फंक्शनल. तिला नावं ठेवायची आजकाल फॅशन आहे, पण ती वाईट नाही. डिझाइनची माणसं एकत्र बसतात म्हणून नवा मुलगा जुन्याकडून शिकतो, एकाचं बसबारचं (वीज वाहून नेणाऱ्या पट्टीचं) साइझिंग चुकलं तर शेजारचा पकडतो. खरेदी एका हातात असते म्हणून ब्रेकरला भाव मिळतो. ओळखीच्या क्लायंटची, गेल्या वर्षीसारखीच पॅनेल पुन्हा बनवायची असतील तर याहून स्वस्त आणि निर्धोक पद्धत नाही. दीडशे माणसांच्या कंपनीने ही खाती मोडू नयेत, असंच मी म्हणेन.

ती अडते कुठे, ते एका ऑर्डरीवर बघू. धरा, दोन कोटींची ऑर्डर आहे. डिझाइनने बीओएम दिलं. पर्चेसच्या एचओडीने बघितलं की आणखी दोन ऑर्डरींना तेच एसीबी (मोठे ब्रेकर) लागणार आहेत. तीन आठवडे थांबून एकत्र पीओ काढला तर चाळीस हजार वाचतात. तो थांबतो. त्याचं अप्रेजल बचतीवर होतं, तेव्हा तो शहाण्यासारखाच वागतोय. इकडे करारात एलडीचं, म्हणजे उशिराबद्दल पैसे कापायचं, कलम आहे, आपल्याकडे सर्रास असतं तसं, आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल पाच टक्के. दोन कोटींवर अर्धा टक्का म्हणजे आठवड्याला एक लाख. चाळीस हजार वाचवायला तीन लाख घालवले. आता हे दोन आकडे कंपनीत दिसतात कुठे ते बघा. चाळीस हजार पर्चेसच्या मासिक रिपोर्टात, ठळक अक्षरात. तीन लाख मात्र कित्येक महिन्यांनी शेवटच्या बिलातून कापले जातात आणि अकाउंट्सच्या एका ओळीत जाऊन बसतात. तोवर ते ब्रेकरपायी गेले हे कुणाच्या लक्षातही नसतं.

प्रॉडक्शनचंही तसंच. महिन्याला किती पॅनेल गेटबाहेर गेली यावर त्या एचओडीला मोजतात, म्हणून महिनाअखेरीला तो माल पूर्ण असलेली, सोपी पॅनेल पुढे घेतो आणि तुमचं अवघड पॅनेल, दोन मीटर यायचे बाकी आहेत म्हणून, कोपऱ्यात सरकतं. डिझाइनवाला आपली रांग सांभाळतो. साइटवाला म्हणतो पॅनेल आल्याशिवाय मी माणसं का पाठवू. पाचही जण आपापलं काम चोख करतात आणि ऑर्डर उशिरा जाते. अशा वेळी चूक कुणाची हे शोधायला मीटिंग लावली, की पाचही जण मेलच्या प्रिंट घेऊन येतात. सगळ्यांचे पुरावे खरे असतात.

आणि या सगळ्यात क्लायंटचा फोन कुणाला येतो? तुम्हाला. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार शून्य, ही तुमची खरी जागा. व्हिजिटिंग कार्डावर प्रोजेक्ट मॅनेजर लिहिलंय, पण तुम्ही करताय ते काम पाठपुराव्याचं.

कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजरला खरंच स्थान आहे का, हे ओळखायला मी तक्ता बघत नाही. विचारतो ते एवढंच की डिझाइनमधला तो अमुक मुलगा उद्या सकाळी कुठल्या ऑर्डरीवर बसणार, हे कोण ठरवतं. तातडीने पन्नास हजारांच्या ग्लँड आणि लग (केबल जोडायचे सुटे भाग) घ्यायचे असतील तर कुणाची सही लागते. त्या मुलाचं इन्क्रिमेंट कोण लिहितं. आणि दोन एचओडींचं पटलं नाही तर ते भांडण कुठे आणि किती दिवसांत मिटतं. चारही उत्तरांत प्रोजेक्ट मॅनेजर कुठेच नसेल तर तक्त्यात त्याला कुठेही काढा, काही उपयोग नाही. यातली दोन जरी त्याच्या हातात आली तरी काम हलायला लागतं. चौथी गोष्ट लोक हलक्यात घेतात. माझ्या मते तीच सर्वात महागाची आहे. प्रोजेक्टवर वाद होणारच, पण वाद आठ दिवस तसाच पडून राहिला की त्याच्या मागची सगळी कामं आठ दिवसांनी सरकतात.

निर्णयाची जागा बदलल्याने काय होतं याचं आपल्या मराठी माणसाला ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे कोकण रेल्वे. तो मार्ग भारतीय रेल्वेच्या नेहमीच्या खात्यांतून बांधला गेला नाही. १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ काढलं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. बराचसा पैसा रोख्यांतून उभा केला. ई. श्रीधरन अध्यक्ष होते. महाडपासून उडुपीपर्यंत मार्गाचे सात विभाग पाडले आणि प्रत्येक विभागावर एक चीफ इंजिनिअर बसवला. म्हणजे रत्नागिरीच्या बोगद्याचा प्रश्न रत्नागिरीत बसलेला माणूस हाताळणार, फाइल दिल्लीला जाऊन यायची वाट बघत बसणार नाही. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे, आणि २६ जानेवारी १९९८ ला तो पूर्ण सुरू झाला.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजू एमडींच्या मुलाला जरूर सांगा. मूळ अंदाज पाच वर्षांचा होता, तो चुकला. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून आंदोलन झालं, काम थांबलं. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती लागली आणि तिने वर्षं खाल्ली. अधिकार जवळ आणले म्हणून माती घट्ट होत नाही. आपल्या मुंबईतल्या मेट्रो ३ चंही तेच. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका बांधायला केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची वेगळी कंपनी आहे, तरी आरेच्या कारशेडचा वाद तिच्या कक्षेबाहेरचा होता, आणि शेवटचा टप्पा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. रचना चांगली असली की आपल्या हातातला उशीर कमी होतो. हाताबाहेरचा उशीर तसाच राहतो. तुमच्या कामात क्लायंटचं सिव्हिल काम तयार नसणं, हा त्यातला प्रकार. साइटवर ट्रेंच (केबलसाठीचा चर) झालेली नसेल तर पॅनेल वेळेवर नेऊन उतरवणार कुठे?

आता सांध्यांबद्दल, म्हणजे एका खात्याचं काम दुसऱ्याला जोडलं जातं त्या जागांबद्दल, थोडं जास्त लिहितो, कारण पॅनेलच्या धंद्यात खरं नुकसान तिथेच होतं. मेल्विन कॉन्वे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली एक निरीक्षण मांडलं होतं. एखादी संस्था जी प्रणाली बनवते, तिच्या घडणीत त्या संस्थेतल्या माणसांचं एकमेकांशी बोलणं जसं असतं तसंच उतरतं. हे तुमच्या शॉपमध्ये डोळ्यांनी बघता येईल. पीएलसीचा (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा) प्रोग्राम लिहिणारा एका मजल्यावर, पॅनेलचं वायरिंग करणारा खाली. प्रोग्रामवाल्याकडे आयओ लिस्टची (कुठला सिग्नल कुठे जोडायचा त्या यादीची) चौथी आवृत्ती, वायरमनच्या टेबलावर दुसरी. दोघांचंही काम अचूक. एफएटीच्या दिवशी क्लायंटचा माणूस समोर उभा असतो आणि तीन नंबरच्या पंपाची ट्रिप (बंद पडल्याची खूण) पाच नंबरवर दिसते. मग रात्रभर वायरी सोडा आणि पुन्हा बांधा. त्या रात्रीचा ओव्हरटाइम प्रॉडक्शनच्या खर्चात पडतो, त्यामुळे डिझाइनला ती आयओ लिस्ट खाली पाठवायची घाई पुढच्या खेपेलाही नसते.

अंधेरीच्या गोखले पुलाची बातमी आठवत असेल. नव्या पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळेना. रुळांवर किती उंची सोडायची याचे निकष रेल्वेचे, त्यामुळे नवा पूल वर गेला. जुना उड्डाणपूल आपल्या जुन्या उंचीवर. शेवटी जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग उचलला आणि जुलैत जोड सुरू झाला. त्या प्रकरणात कुणाचं काय चुकलं यात मी जात नाही, बाहेरून बोलणं सोपं असतं. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की दोन कार्यालयांच्या मधल्या सांध्याला मालक लागतो. तुमच्या कंपनीत आयओ लिस्टचा मालक कोण, हे विचारून बघा. दोन जणांनी बोट वर केलं किंवा कुणीच केलं नाही, तर अर्थ एकच.

मॅट्रिक्सचा जन्म याच अडचणीतून झाला. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतल्या विमान आणि अवकाश उद्योगात तज्ज्ञांची खातीही हवी होती आणि प्रत्येक प्रकल्पाला धनीही हवा होता. मग माणूस खात्यात ठेवायचा आणि कामापुरता प्रकल्पाला द्यायचा, अशी तडजोड निघाली. पुढे तिचे तीन प्रकार रूढ झाले. पहिल्यात एचओडी वरचढ आणि प्रोजेक्टवाला नुसता समन्वय करतो, दुसऱ्यात दोघं बरोबरीचे, तिसऱ्यात प्रोजेक्टवाला वरचढ. नुसतं मॅट्रिक्स आणणार म्हटलं तर यातलं कुठलं, हे आधी विचारा. पहिला प्रकार म्हणजे जवळजवळ तुमची आजचीच परिस्थिती, नवीन नावाने. लार्सन आणि गोबेली या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये ५४० विकास-प्रकल्पांचा अभ्यास छापला. त्यात शुद्ध खात्यांची रचना आणि एचओडी-वरचढ मॅट्रिक्स हे दोन्ही मागे पडले, आणि जिथे प्रोजेक्ट मॅनेजरकडे निदान बरोबरीचा अधिकार होता तिथले प्रकल्प जास्त यशस्वी ठरले. ते नवी उत्पादनं विकसित करण्याचे प्रकल्प होते, पॅनेलच्या ऑर्डरी नव्हेत, म्हणून आकडे जसेच्या तसे लावू नका. दिशा मात्र माझ्या अनुभवाशी जुळते.

मग घेऊन टाका तिसरा प्रकार, असं म्हणाल. थांबा. मॅट्रिक्समधल्या माणसाला दोन साहेब असतात, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. डिझाइनमधल्या मुलाला एचओडी सांगतो टेंडरचं ड्रॉइंग आज दे, तुम्ही सांगता पंपहाउसचं दे. तो कुणाचं ऐकेल? इन्क्रिमेंट लिहिणाऱ्याचं. वायरमनचं तर विचारूच नका. प्रॉडक्शनच्या साहेबांनी त्याच्या भावाला चिकटवलेलं असतं, गणपतीला गावी जायला रजा तेच देतात. कागदावर त्याला तुमच्या नावाखाली टाकून ते नातं बदलत नाही.

दुसरी अडचण अशा घरच्या कंपन्यांमध्ये हमखास सापडते. खरी रचना तक्त्यात नसते, एमडींच्या केबिनमध्ये असते. पर्चेसच्या एचओडीला तुमचा निर्णय पटला नाही की तो थेट आत जातो आणि दहा मिनिटांत निर्णय फिरवून आणतो. कधी क्लायंटच एमडींना रात्री फोन करतो आणि सकाळी प्राधान्यक्रम बदललेला असतो. मालकाने असं करू नये असं माझं म्हणणं नाही. पैसा त्याचा आहे, आणि पुष्कळदा त्याला धंदा आपल्यापेक्षा जास्त कळतो. पण प्रत्येक अपवाद केबिनमध्ये ठरणार असेल, तर मॅट्रिक्सवर एक रुपया खर्च करू नका. मुलाला हे त्याच्या वडिलांशी आधी बोलावं लागेल. ते काम तुमचं नाही, आणि तुम्ही अंगावर घेऊही नका.

तिसरी वाट म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःची पूर्ण टीम. पूल, मेट्रो, रिफायनरी यांच्या साइटवर हीच पद्धत चालते आणि तिथे ती योग्यही आहे, कारण काम वर्षानुवर्षं चालतं. तुमच्याकडे एक ऑर्डर चार-सहा महिन्यांची. प्रत्येकीला वेगळा डिझायनर, वेगळा खरेदीवाला दिलात तर एक जण रिकामा बसेल आणि दुसरा रात्री अकरापर्यंत घासेल. शिवाय ऑर्डर संपत आली की टीममधल्या माणसाला पुढची जागा कुठे, ही चिंता लागते आणि तो शेवटची स्नॅग लिस्ट (राहिलेल्या दुरुस्त्यांची यादी) अर्धवट टाकून दुसरीकडे सरकतो. हे मी मोठ्या कंपन्यांतही बघितलंय. हँडओव्हरच्या महिन्यात साइटवर टेबलं जास्त आणि माणसं कमी.

मग काय चालतं? एका ठेकेदार कंपनीत लोअर परळच्या एका टॉवरचं एसीचं काम होतं. तिथे तक्ता कुणी बदलला नाही. तीन गोष्टी केल्या. साइटवरच्या मॅनेजरला सटरफटर खरेदीसाठी सहीची मर्यादा वाढवून दिली, म्हणजे नट-बोल्ट, इन्सुलेशन, सपोर्टचं स्टील यांसाठी हेड ऑफिसची वाट बघणं बंद झालं. ड्रॉइंग करणाऱ्या मुलाला आठवड्यातले दोन दिवस साइटवर बसवलं. त्याचा एचओडी आधी कुरकुरला. पण डक्ट आणि बीम कुठे भिडतात हे त्या मुलाला साइटवर उभं राहून दिसायला लागलं, तेव्हा पुन्हा पुन्हा ड्रॉइंग बदलणं कमी झालं आणि एचओडीचाच ताप कमी झाला. तिसरी गोष्ट, दर मंगळवारी संचालक अर्धा तास फक्त अडलेल्या निर्णयांना देत. प्रगतीचा आढावा नाही, पीपीटी नाही. दोन बाजू बोलायच्या, ते ठरवायचे, उठायचं. आधीच्या कामांपेक्षा ते काम कमी ओढाताणीत गेलं. पूर्ण श्रेय या तीन गोष्टींना देणार नाही. क्लायंटकडचा इंजिनिअर समंजस होता, आणि त्याचा वाटा मोठा होता.

मुंबईत अंतराचाही विचार करा. तुमचं डिझाइन दादरला आणि शॉप रबाळ्याला असेल, साइट तारापूरला, तर या तिघांच्या मध्ये रोजचा अर्धा दिवस प्रवासात विरतो. मग माणूस जाऊन बघायच्या ऐवजी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो आणि फोटोत टर्मिनलचा नंबर वाचता येत नाही. कोण कुणाला रिपोर्ट करतो यापेक्षा कोण कुणाच्या शेजारी बसतो, याने कधीकधी जास्त काम होतं. याला कसली मंजुरीही लागत नाही, एक टेबल आणि एक खुर्ची पुरते.

तुमच्या चार ऑर्डरींपैकी दोन जुन्या क्लायंटच्या नेहमीच्या पॅनेलच्या आहेत, एक छोटी आहे, आणि एक जलशुद्धीकरण प्रकल्पाची, पीएलसी आणि साइट कमिशनिंगसकट (म्हणजे साइटवर चालू करून देण्यासकट). असं तुमच्या लिहिण्यावरून समजलो. चारही मॅट्रिक्समध्ये टाकू नका. पहिल्या तीन खात्यांच्या पद्धतीनेच जाऊ द्या, त्यांना पाठपुरावा करणारा एक ज्युनिअर पुरेल. जलशुद्धीकरणाची ऑर्डर मात्र वेगळी काढा. तिच्यात खात्यांचे सांधे सर्वात जास्त आहेत, काम तुमच्यासाठी नवं आहे आणि एलडीही तिथेच बोचणार.

त्या एका ऑर्डरीसाठी एमडींकडे काय मागायचं? डिझाइनमधला एक आणि पर्चेसमधला एक माणूस, नावानिशी, ठरलेल्या तारखेपर्यंत. पूर्णवेळ मागू नका, मिळणार नाही. दिवसाचा पहिला अर्धा तुमचा, एवढं पुरे. ठरावीक रकमेपर्यंत पीओवर तुमची सही चालावी, बजेटच्या आत. रक्कम त्यांना ठरवू द्या. लहान असली तरी चालेल, कारण अडतं ते बहुतेक लहान वस्तूंवर. त्या दोन माणसांच्या अप्रेजलमधले काही गुण तुम्ही लिहावेत. आणि मंगळवारसारखी एक ठरलेली वेळ, जिथे तुमचा आणि एचओडीचा वाद एमडींसमोर मिटेल, आणि तिथे जे ठरेल ते पुढच्या मंगळवारपर्यंत केबिनमध्ये फिरवलं जाणार नाही. हे शेवटचं मिळवणं सर्वात कठीण. अडून राहायचं असेल तर त्याच्यावर राहा, बाकी थोडंफार सोडलंत तरी चालेल.

एचओडींचं काय, हेही बघा. पर्चेसच्या साहेबांना वाटेल की हा कालचा मुलगा माझ्या खात्यात सही करतोय. त्यांच्याशी एमडींच्या आधी बोला. जमलं तर तो एलडीचा आणि बचतीचा हिशोब त्यांच्यासोबत बसून करा. एलडीचा तोटा ज्या निर्णयामुळे झाला त्या खात्याच्या नावावर लिहायचा, एवढा एक बदल अकाउंट्सने केला तरी ब्रेकर एकत्र घ्यायचे की लगेच, हा निर्णय ते स्वतःच वेगळा घेतील. खरं सांगायचं तर कुठल्याही मॅट्रिक्सपेक्षा मला या हिशोबावर जास्त भरवसा आहे. मापं बदलली की एचओडींना समजवावं लागत नाही.

राहिला तुमचा स्वतःबद्दलचा प्रश्न. तुम्ही कमी पडताय का, हे मला इथून दिसत नाही. दोन गोष्टी तपासा. तुम्ही अजून डिझाइनच्याच हॉलमध्ये, जुन्या खुर्चीत बसत असाल, तर प्रॉडक्शनला तुम्ही डिझाइनचेच वाटणार, कितीही निःपक्ष वागलात तरी. जागा बदला, शॉप फ्लोअरजवळ बसा. दुसरं, ड्रॉइंगमध्ये काही अडलं की ते स्वतःच सोडवायचा मोह डिझाइनमधून आलेल्या माणसाला फार होतो. त्यात तास जातात, आणि तेवढ्यात पर्चेसमध्ये काय अडकलंय ते बघायचं राहून जातं. एवढं सांभाळत असाल आणि तरीही चारही ऑर्डरी सांध्यांवर अडत असतील, तर स्वतःला बोल लावू नका.

एक शक्यता उरते. एमडी शांतपणे ऐकतील, मान डोलावतील आणि म्हणतील की तू बघ ना, तुला सगळे सहकार्य करतील. सही नाही, माणसं नाही, मंगळवार नाही. तसं झालं तर भांडू नका, पण एक मागणी लेखी करा. तुमच्या पदाचं नाव प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर करावं, आणि एलडीचा जाब पाचही एचओडींकडून मिळून घ्यावा. मेल साधा, चार ओळींचा असू द्या, सोबत तारखांची ती शीट जोडा आणि कॉपी एमडींच्या मुलालाही ठेवा. मॅट्रिक्सचा आग्रह त्याचा आहे, तेव्हा ती शीट पहिल्यांदा नीट वाचेल तर तोच वाचेल.